ग्रिमशॉसाहेबांची काळी हिरवळ

हॅदरबीत पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं भेटली आणि गप्पा जरा रंगल्या, की एक प्रश्न हमखास निघतो : तुला कितीदा पाडलं? कुणी पाडलं, ते विचारावं लागत नाही. गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा आमच्या गावात त्या काळी एकच माणूस घ्यायचा, आणि तो माणूस म्हणजे ऑब्री ग्रिमशॉ.

साहेब शेजारच्या सीटवर बसायचे ते अगदी ताठ. गुडघ्यांवर कागदांची पाटी आणि गालात पेपरमिंटची गोळी. ओरडणं त्यांना माहीत नव्हतं. उलट चूक जितकी मोठी तितका त्यांचा आवाज मऊ व्हायचा. खाटीक परीक्षेला आला तो लग्नाच्या आठवड्यात, आणि मधुचंद्राला बसने गेला. गावातली सुईण पास होईपर्यंत सायकलवरून बाळंतपणं करत फिरली. चर्चच्या पाद्रीबाबांना तर साहेबांनी नम्रपणापायी पाडलं. समोरच्या प्रत्येकाला वाट देता देता बाबांनी मागे गिरणीपर्यंत रांग लावली होती. दर वेळी शेवटी वाक्य तेच : "वाईट वाटून घेऊ नका, पण रस्त्यावरच्या बाकीच्या लोकांचाही विचार करायला हवा."

साहेब दुष्ट होते असं कुणी म्हणणार नाही. दुष्ट माणसाला निदान दुसऱ्याचं वाईट करून बरं वाटतं. साहेबांना नुसतं बरोबर वाटायचं.

असा माणूस निवृत्त झाला की त्याने काय करावं? पहिलं वर्षभर त्यांनी बायकोची, म्हणजे ब्रेंडाची, परीक्षा घेऊन पाहिली. ब्रेंडाने आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधलेलं. बटाटे सोलायची तिची पद्धत चुकीची आहे, हे तिला साहेबांकडून कळलं तेव्हा तिने साल काढायची सुरी त्यांच्या हातात दिली आणि रविवारचे बटाटे कायमचे त्यांच्याकडे लावून दिले. त्यानंतर साहेबांनी घराबाहेर लक्ष घातलं. घराबाहेर, अगदी दारासमोर, हिरवळ होती.

हिरवळ ती केवढी? दोन लॉऱ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर संपली. पण लार्च ग्रोव्हच्या नेमक्या वळणावर घर असल्याने बस पकडायला जाणाऱ्या प्रत्येकाला ती दिसायचीच. साहेबांनी तिला घडवलं. एक पट्टा गडद, एक फिका, जसं काही रोज सकाळी इस्त्री फिरवली आहे. कडा कात्रीने कापलेल्या. त्यावर पाय ठेवायची कुणाला परवानगी नव्हती. पोस्टमन वळसा घालून यायचा. मुलीची मुलं सुट्टीत आली की फरशीवर रांगेत खेळायची. चेरीच्या झाडाचं पान पडलं तरी साहेब खिडकीतून ते पडताना पाहायचे आणि खाली आल्यावर उचलायचे.

शेजारी पॉलीन ऑग्डन राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जीभ मात्र शाबूत. साहेबांनी हिला तीनदा पाडलं होतं, तिसऱ्यांदा तर वायपर उशिरा लावला म्हणून. त्यानंतर तिने नाद सोडला आणि बसने फिरली. दैवाचा विनोद असा, की ती पुढे राहायला आली ती साहेबांच्या कुंपणाला लागून. तिच्या दारातलं गवत म्हणजे गवत कमी आणि बाकीचं जास्त. क्लोव्हर, डेझी, पिवळ्या फुलांचं तण, मध्येच एक उलटी पडलेली बादली. त्या तणाची म्हातारी उडाली की साहेब कुंपणाशी उभे राहून वाऱ्याची दिशा बघायचे. एकदा त्यांनी तिला सौम्य आवाजात सांगितलं, की बागेतल्या बाकीच्या लोकांचाही विचार करायला हवा. पॉलीनने डोळा न मिटता त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातलं ते पांढरं गोंडस फूल फुंकून टाकलं.

हिरवळीचा वर्षातला मोठा सण ऑक्टोबरात. थंडी पडायच्या आत यंत्राचं पातं जरा वर घेऊन शेवटची कापणी करायची, हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, पाण्यात विरघळवून शेवाळावर शिंपडायची, शेवाळ मेलं की दाताळ्याने ते खरवडून काढायचं, मग काट्याने जमिनीला भोकं पाडायची आणि त्यांत वाळू झाडायची. हे सगळं ज्याने केलं त्याची हिरवळ मार्चमध्ये उठून बसते, ज्याने नाही केलं त्याची आडवी पडते. साहेब या दिवसांत जेवायलासुद्धा घड्याळ लावून आत यायचे.

आणि नेमक्या त्या वर्षी, सप्टेंबरात, त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं.

सर्जन तरुण बाई होती. तिने सांगितलं, वजन उचलायचं नाही, काही ढकलायचं नाही, वाकायचं नाही. साहेबांनी तिला विचारलं, की पहिलं गोठवणारं दंव कधी पडतं याची तिला कल्पना आहे का. बाई म्हणाली, नाही, पण टाके कधी तुटतात याची आहे.

मग माणूस शोधणं आलं. पहिला आला त्याच्या यंत्राच्या चाकांना दुसऱ्या कुणाच्या बागेची माती लागलेली. साहेबांनी त्याला फाटकातूनच परत पाठवला. दुसरा आला, हिरवळीकडे बघून कौतुकाने मान डोलावली आणि म्हणाला, शेवाळसुद्धा हिरवंच दिसतं की, काढायचं कशाला? साहेबांनी दार लावून घेतलं. तिसरा यायलाच तयार होईना, कारण त्याच्या बायकोला साहेबांनी पाडलं होतं.

गवत वाढत होतं. चेरीची पानं पडत होती, आणि साहेब खिडकीत बसून ती मोजल्यासारखी बघत होते. शेवटी ब्रेंडा म्हणाली, मी कापते.

साहेब हसले. मग ती हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. एवढ्या वर्षांत तिने त्या यंत्राला हात लावला नव्हता, कारण लावू दिला नव्हता. ते दोन दिवस तयार झाले नाहीत. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं, रेडिओवर पुढल्या आठवड्यात पाऊस सांगितला, आणि त्यांचा नाइलाज झाला.

ती सकाळ लार्च ग्रोव्ह अजून विसरलेला नाही. साहेब पायरीवर स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसले. गुडघ्यांवर चौकड्यांची शाल, गालात पेपरमिंट. ब्रेंडाने नवऱ्याचे रबरी बूट घातले, यंत्र ढकलत बाहेर आणलं आणि दोरी ओढली. ते पहिल्या झटक्यात सुरू झालं. साहेबांच्या हातून ते कधीच पहिल्या झटक्यात सुरू होत नसे, पण हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सूचना सुरू झाल्या. नजर समोर ठेव. खाली पाहू नकोस, फाटकाच्या खांबाकडे पाहा. वळताना वेग कमी. आधी मागे पाहा, मग वळ. ब्रेंडाला यंत्राच्या आवाजात यातलं काही ऐकू येत नव्हतं, ही देवाची कृपा. तिने कामावर पन्नास पन्नास किलोची पातेली चाकांच्या गाड्यावरून अरुंद बोळांतून नेली होती. तिला एक हलकं यंत्र सरळ रेषेत चालवायला काय अवघड? पट्टे पडत गेले, एक गडद, एक फिका, आणि ते सरळ होते. साहेबांनी मान तिरकी करून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. सरळच होते.

बसला निघालेली माणसं थांबायला लागली. खाटीक थांबला, सुईण थांबली. पॉलीन चहाचा मग घेऊन कुंपणाशी कोपर टेकून उभी होती. यंत्र बंद झालं तशी ती म्हणाली, "काय मग, मिस्टर ग्रिमशॉ? पास की नापास?"

"ही हिरवळ आहे, मिसेस ऑग्डन. परीक्षा नाही."

"बरं झालं सांगितलंत. तुमच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, आता वाईट वाटून घेऊ नका म्हणणार."

रस्त्यावर हशा पिकला. साहेबांनी शाल सारखी केली. ब्रेंडाला ते म्हणाले, की फाटकाजवळच्या वळणावर जरा ओढलं गेलंय, पण पहिल्या वेळेच्या मानाने चालेल. ब्रेंडाने बूट काढले आणि चहा ठेवायला आत गेली. तिने केसांवरून हात फिरवला तो मात्र जरा ऐटीतच.

पुढचं काम हिराकशीचं. त्या मंगळवारी साहेबांना टाके दाखवायला शहरात जायचं होतं. त्यांनी तारीख बदलून मागितली, ती मिळाली नाही. ब्रेंडा बसच्या थांब्यावर म्हणाली, तू जाऊन ये, मी आणि पॉलीन करून टाकतो. पॉलीनचं नाव ऐकून साहेब बसमध्ये चढता चढता थांबले होते, पण मागे रांग होती.

दोघी बायकांनी काम मन लावून केलं. ब्रेंडाने पोत्यावरची सूचना चष्मा लावून वाचली, मग मोठ्याने पॉलीनला वाचून दाखवली. हिराकशीचे डाग दगडावरून जात नाहीत असं त्यात लिहिलं होतं, म्हणून फरशीवर जुन्या चादरी अंथरल्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. झारीने एकीने शिंपडलं, दुसरीने पाणी कालवून दिलं. शेवटी चादरी गुंडाळल्या, बूट बादलीत धुतले आणि पॉलीनकडे बसून आल्याचा केक खाल्ला. आपल्या दारातली हिरवळ पहिल्यांदाच ब्रेंडाला जरा आपली वाटली, असं ती नंतर म्हणाली.

साहेब परत आले तेव्हा दिसायला काही नव्हतं. हिराकशीने शेवाळ काळं पडायला वेळ लागतो. हे साहेबांना माहीत होतं, सगळ्या गावाला त्यांनीच सांगितलं होतं. तरी त्यांनी विचारलं, किती टाकलं? पोत्यावर लिहिलंय तेवढं. कुठून सुरुवात केली? फाटकापासून. कडांना? कडांनासुद्धा. पाणी कोण कालवत होतं? पॉलीन. वायपर उशिरा लावणाऱ्या बाईने कालवलेलं पाणी, एवढाच विचार त्यांना रात्रभर पुरला.

बुधवारी दुपारी ब्रेंडा आणि पॉलीन नाताळच्या गाण्यांच्या तालमीला चर्चमध्ये गेल्या. साहेब खिडकीत बसले. हिरवळ इथे तिथे जराशी मळकट झाली होती, पण त्यांच्या मते ती पुष्कळच जास्त हिरवी होती. कोपरे तर सरळ सरळ सुटलेले दिसत होते. ते उठले. बुटांचे बंद बांधायला वाकता येत नव्हतं, ते काम सध्या ब्रेंडा करायची. म्हणून ते सपातांवरच बाहेर गेले.

सर्जनबाईंची आज्ञा त्यांनी पाळली. झारी पूर्ण भरली नाही, अर्धीच भरत राहिले. पण अर्ध्या झारीत पाणी कमी म्हणून हिराकस थोडी जास्त घातली, आणि काटा आत स्वयंपाकघरात राहिल्याने ती मुठीने घातली. पोत्यावरची सूचना वाचायचं त्यांना कारण नव्हतं. सूचना लोकांसाठी असतात. नळापासून हिरवळीकडे आणि हिरवळीपासून नळाकडे ते हळूहळू, एक पाय जरा ओढत, फेऱ्या घालत राहिले. कोपऱ्यांना दोनदा दिलं. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. मग झारी धुऊन जागेवर ठेवली, सपाता दाराशी पुसल्या, आणि ब्रेंडा परतली तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते. काही बोलले नाहीत. त्यात बोलण्यासारखं काय होतं? राहिलेलं पुरं केलं, इतकंच.

रात्री पाऊस लागला, आणि पुढे दोन दिवस धुकं.

शुक्रवारी धुकं जरा वर उचललं तेव्हा पोस्टमन फाटकात थबकला. शेवाळ काळं पडलं होतं. शेवाळाबरोबर गवत काळं पडलं होतं. पट्टे अजून दिसत होते, पण एक काळा आणि दुसरा जास्त काळा. कडा तेवढ्या सुबक होत्या, त्यामुळे सगळं एखाद्या नव्या कबरीसारखं दिसत होतं. पोस्टमनने टोपी काढली, ती थट्टेने की खरंच, ते सांगता येत नाही.

दुपारपर्यंत लार्च ग्रोव्हवर वर्दळ वाढली. ज्यांना बस पकडायची नव्हती तेही बसच्या थांब्याकडे चालले. मोठी शेकोटी पेटवायची रात्र आमच्याकडे नोव्हेंबरच्या पाच तारखेला असते. खाटकाने फाटकातून विचारलं, साहेबांनी यंदा लवकर पेटवली का?

साहेबांनी घरात चौकशी बसवली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ब्रेंडाला समोर बसवून त्यांनी अगदी मऊ आवाजात, म्हणजे फार मोठी चूक झाल्यावरच्या आवाजात, पुन्हा पहिल्यापासून विचारलं. वजन कुणी केलं? काटा नीट शून्यावर होता का? झाऱ्या किती झाल्या? ब्रेंडा सगळं सांगत होती, पण सांगता सांगता अडखळायला लागली. मग साहेबांनी पॉलीनला बोलावणं पाठवलं. पॉलीनने निरोप दिला, की परीक्षेला बसायचा तिचा अर्ज भरलेला नाही.

आता साहेबांना काय वाटत होतं ते सांगायला हवं, नाहीतर ते खोटारडे होते असा कुणाचा समज होईल. बुधवारची दुपार त्यांना आठवत होती. पण बुधवारी जे टाकलं ते त्यांनी टाकलं होतं, म्हणजे ते बरोबर होतं. मग जे जास्त झालं ते आधीचंच असणार. हा हिशोब त्यांच्या डोक्यात इतका स्वच्छ बसला, की बुधवारचं बोलण्याची गरजच उरली नाही.

ब्रेंडाने शुक्रवारची संध्याकाळ आणि अख्खा शनिवार एकच काम केलं. साखरेचं सीलबंद पाकीट काट्यावर ठेवून पाहिलं. मग पिठाचं. मग लोण्याचं. काटा बरोबर दाखवत होता. मग तिने पोत्यावरची सूचना पुन्हा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. तीनशे पोरांच्या जेवणात तिच्या हातून कधी मीठ जास्त पडलं नव्हतं. वय झालं का आपलं, असं ती स्वतःशी पुटपुटली, ते साहेबांनी ऐकलं. ते म्हणाले, होतं असं कधीकधी. आणि पानं उलटून शब्दकोड्याकडे वळले.

रविवारी वारा सुटला, ऊन पडलं, आणि फरशी सुकली.

उरलेल्या केकबरोबर दिलेला डबा परत न्यायला पॉलीन आली. फाटकातून आत आली आणि तिथेच उभी राहिली. फिक्या दगडाच्या फरशीवर, ती ओली होती तोवर न दिसलेली, गंजाच्या नारिंगी रंगाची पावलं उमटली होती. नळापासून हिरवळीकडे, हिरवळीपासून नळाकडे, जावं तितकी, यावं तितकी. उजवा पाय नीट, डावा जरा फरपटलेला. टाचेजवळ सपातांच्या तळाची नक्षीसुद्धा स्पष्ट होती. शेवटची रांग सरळ पायरीवर चढून दारात गेली होती. पॉलीनने दार वाजवलं नाही, नुसती हाक मारली. दोघं बाहेर आले. साहेबांच्या पायात अर्थातच त्या सपाता होत्या.

पॉलीन पावलांच्या शेजारून सावकाश चालत नळापर्यंत गेली आणि परत आली, एखादी ओळ वाचावी तशी.

"मिस्टर ग्रिमशॉ, आम्ही तर इथे चादरी घातल्या होत्या. बूट काढून हातात घेऊन गेलो आम्ही. हे कोण बरं एवढं येऊन जाऊन होतं?"

साहेब म्हणाले, की त्यांनी फक्त पूरक स्वरूपाचं काम केलं होतं. सुटलेल्या कोपऱ्यांपुरतं.

"कोपऱ्यांपुरतं," पॉलीन म्हणाली. "मग मधे काय, वाट चुकलात?"

ब्रेंडा त्यांच्या पायांकडे पाहत होती. मग तिने मागे वळून पाहिलं. दाराच्या आत, मुलीने लग्नाच्या वाढदिवसाला घालून दिलेल्या साईच्या रंगाच्या गालिच्यावर, तीच पावलं फिकी होत होत खिडकीतल्या खुर्चीपर्यंत गेली होती. अंधाऱ्या दिवसांत ती दिसली नव्हती. तिचा आवाज चढला नाही.

"दोन दिवस मी साखरेचं वजन करतेय, ऑब्री. तू समोर बसला होतास."

साहेबांनी सांगायला सुरुवात केली, की मूळ मात्रा किती होती हे नक्की ठरवल्याशिवाय कुणाचा किती वाटा हे सांगता येणार नाही. ब्रेंडाने ऐकून घेतलं नाही. ती आत गेली, कोट चढवला आणि पॉलीनबरोबर फाटकातून बाहेर पडली. त्या दुपारी साहेबांनी स्वतः चहा केला. बटाटे सोलले होते, पण ते शिजवायचे कसे हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. सोललेले बटाटे पाण्यात तसेच राहिले आणि साहेबांनी ब्रेडवर डब्यातले बीन्स घालून खाल्ले.

ब्रेंडा रात्री झोपायला घरी आली, पण तिच्याकडून शब्द आला नाही. सोमवारी तिने दाताळं घेतलं. मेलेलं शेवाळ आणि मेलेलं गवत एकाच ओढीत निघत होतं. खाली उघडी, ओली, तपकिरी माती. मंगळवार हा बाजाराचा दिवस. ती बाजारातून डॅफोडिलच्या, म्हणजे वसंतात उमलणाऱ्या पिवळ्या फुलांच्या, कांद्यांची दोन पोती घेऊन आली. बसच्या ड्रायव्हरने ती फाटकापर्यंत उचलून दिली. तोही एकेकाळी दोनदा पडला होता.

साहेब पायरीवर आले. त्यांना वाटलं, कडेने एक ओळ लावणार असेल. कडेने एक ओळ त्यांना चालली असती. त्यांनी दोरी आणि दोन खुंट्या आणून दिल्या. ब्रेंडाने त्या खाली ठेवल्या, पोत्यात हात घातला, ओंजळ भरली आणि कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी मातीभर भिरकावून दिली. कांदे पडतील तिथे लावायचे म्हणजे ते निसर्गात उगवल्यासारखे दिसतात. आमच्याकडे जुनी माणसं असंच करतात. पण साहेबांना ते बघवेना.

"अगं, असे वेडेवाकडे? मग मशीन कसं फिरणार मधून?"

"नाही फिरणार."

"म्हणजे?"

"फुलं गेली तरी पानं वाळेपर्यंत कापायचं नसतं. कापलं तर पुढच्या वर्षी फुलत नाहीत." तिने दुसरी ओंजळ टाकली. "जूनपर्यंत तू मशीन बाहेर काढायचं नाहीस."

पॉलीन खुरपं घेऊन आली. खाटीक दुकान बायकोवर सोपवून आला. सुईण आली, पोस्टमन टपाल वाटून झाल्यावर आला, पाद्रीबाबा आले ते आधी सगळ्यांना जागा देत फाटकातच उभे राहिले. कुणालाही बोलावलं नव्हतं. चिखलाच्या बुटांनी माणसं त्या जागेवर मनसोक्त फिरली, गुडघ्यांवर बसली, उकिडवी बसली. लहानशा जागेत दाटी झाली. ब्रेंडाने किटलीभर चहा आणि अख्खा आल्याचा केक बाहेर आणला. साहेब पायरीवरून सांगत होते, की कांद्याचं टोक वर हवं. त्यांचं बरोबर होतं. पण त्यांच्या सांगण्यावरून एकानेही कांदा उलटा करून पाहिला नाही, कारण सगळ्यांनी तो तसाच लावलेला होता.

त्यानंतर ब्रेंडा बोलायला लागली ती थेट नाताळच्या आधी, आणि तेही गरजेपुरतं. गालिच्यावरचे डाग गेले नाहीत. तिने ते झाकलेही नाहीत. पाहुणे आले की विचारायचे, आणि ती चहा ओतत सांगायची, ऑब्रीला विचारा. साहेब सांगायचे, गंज आहे. त्यांचे टाके भरून आले, बंद बांधता यायला लागले. यंत्राला त्यांनी तेल दिलं, पात्याला धार केली आणि ते मेणकापडात गुंडाळून ठेवलं, पण हिवाळाभर दर आठवड्याला ते उघडून पाहिलं.

मार्चच्या अखेरीस डॅफोडिल आले. एकदम आले. वळणावरून बस फिरली की खिडक्यांतल्या माणसांचे चेहरे पिवळे व्हायचे असं पॉलीन म्हणते, पण पॉलीनला वाढवून सांगायची सवय आहे. इतकं मात्र खरं, की शहरातून माणसं गाडी थांबवून फोटो काढू लागली. इस्त्री केलेल्या हिरवळीचे फोटो एवढ्या वर्षांत कुणी काढले नव्हते.

पहिले काही दिवस साहेब पडद्याआडून पाहत राहिले. मग एका शनिवारी टाय बांधून ते फाटकाशी जाऊन उभे राहिले. एका दांपत्याने विचारलं, किती खोल लावलेत? साहेबांनी खोली सांगितली. मग दोन कांद्यांमधलं अंतर, मातीचा कस, निचरा आणि पोटॅशचं महत्त्व सांगितलं. ओळीत लावणं ही नवख्यांची चूक असते, असंही सांगितलं. हिरवळीचा हव्यास आता मागे पडला आहे, लोकांनी जरा निसर्गाच्या कलाने घ्यायला शिकलं पाहिजे. दांपत्य भारावून ऐकत होतं. त्यांनी विचारलं, ही कल्पना कुणाची? साहेबांनी जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, त्या जमिनीची आधी कडक तयारी करून घ्यावी लागली.

ब्रेंडा आणि पॉलीन आत खिडकीजवळ चहा पीत होत्या. पॉलीन उठून बाहेर जायला निघाली. ब्रेंडाने तिला खाली बसवलं.

"राहू दे. बाहेर आहे तोवर घरात शांतता आहे."

मे महिन्यात गावाच्या वाचनालयासमोरच्या डॅफोडिलची पानं कुणीतरी रबर बँडने बांधून ठेवली होती, नीटनेटकी दिसावीत म्हणून. अशा बांधलेल्या पानांना ऊन लागत नाही आणि खालचा कांदा उपाशी राहतो. साहेब थांबले. त्यांनी पेपरमिंटची गोळी गालात सरकवली, आत गेले आणि ग्रंथपालबाईंना बाहेर बोलावून आणलं. बाईंना वाटलं काही अपघात झाला. साहेब अगदी मऊ आवाजात बोलू लागले.